तालीम किती वाजता संपते? लहान मुलांच्या घरातून हौशी नाटक करताना

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा आहे : तुम्ही नोकरी सांभाळून एका हौशी नाट्यसंस्थेत काम करता. तालीम रात्री ८ ला सुरू होते आणि ११-११.३० ला संपते. घरी ४ वर्षांची मुलगी आणि १३ महिन्यांचा मुलगा आहे. मुलाने पहिले पाऊल टाकले तेव्हा तुम्ही तालमीत होतात आणि ते तुम्हाला फोनवर पाहावे लागले. आता राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकात दिग्दर्शकांनी तुम्हाला प्रमुख भूमिका देऊ केली आहे, आणि नाटक काही वर्षे बंद करावे की दोन्ही सांभाळण्याचा काही मार्ग आहे, असे तुम्ही विचारता. जाता जाता तुम्ही असेही लिहिले आहे, की तुमच्या पत्नी लग्नाआधी नाटकांत काम करीत असत आणि मुलगी झाल्यापासून त्यांचे काम थांबले आहे. मला तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच वाटते, म्हणून त्याकडे मी सविस्तर येणार आहे.

मी सांगलीत बरीच वर्षे हौशी रंगभूमीवर अभिनय आणि दिग्दर्शन करीत आले आहे. माझी दोन्ही मुले या काळातच लहानाची मोठी झाली, आणि माझ्या संचांमध्ये तान्ह्या मुलांचे आईबाप नेहमीच असत. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते अशा शहराच्या अनुभवावरून, जिथे घरापासून तालमीच्या जागेपर्यंत दुचाकीने १० ते १५ मिनिटांत पोहोचता येते. मुंबईत लोकलने तासभर प्रवास करून तालमीला जाणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो. घरात आजी-आजोबा आहेत की नाहीत, मूल अंगावर पिते आहे का, ते वरचेवर आजारी पडते का, तुमची नोकरी पाळ्यांची आहे का, यांवरही पुष्कळ काही अवलंबून आहे. यांपैकी जे तुमच्या घरी लागू नसेल ते सोडून द्यावे.

आधी त्या पहिल्या पावलाविषयी, कारण ते तुमच्या मनाला लागले आहे हे दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने निरनिराळ्या देशांतल्या निरोगी मुलांच्या वाढीच्या ज्या नोंदी केल्या, त्यांत आधाराशिवाय चालू लागण्याचे वय साधारण ८ व्या महिन्यापासून जवळजवळ १८ व्या महिन्यापर्यंत पसरलेले आढळते. म्हणजे हा दिवस आधी सांगून येत नाही, आणि दिवसभर कार्यालयात असणाऱ्या कोणत्याही बापाचा किंवा आईचा तो चुकू शकतो. शिवाय चालणे एका पावलात येत नाही. मूल पलंगाला धरून सरकते, हात सोडते, पडते, पुन्हा उभे राहते, आणि असे कित्येक आठवडे चालू असते. त्यातले पुष्कळसे तुम्ही पाहिले आहे आणि अजून पाहणार आहात. पहिला शब्द, पहिला दात, पहिल्यांदा स्वतःच्या हाताने खाल्लेला वरणभात, या सगळ्यांच्या वेळी आपण हजर असलेच पाहिजे असे ठरवून कोणालाही जगता येणार नाही, मग तो नाटक करो वा न करो. तेव्हा या कारणाने नाटक सोडू नका.

मात्र मुलाच्या बाजूने पाहिले तर त्याला उणे पडते ते रोजचे, पुन्हा पुन्हा येणारे काही. १ ते २ वर्षांच्या मुलाला दिवसाची झोप धरून ११ ते १४ तास झोप लागते, आणि ३ ते ४ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. त्यामुळे ही मुले रात्री ८ ते ९ च्या सुमारास झोपायला हवीत, आणि नेमकी तीच आपल्या तालमीची वेळ असते. ज्या घरात बाबा कामावरून ६.३० ला येतात, ७.४५ ला बाहेर पडतात आणि मध्यरात्रीच्या जवळपास परततात, त्या घरात आंघोळ, जेवण, गोष्ट आणि झोपवणे हे सगळे महिनोन्महिने एकाच माणसावर पडते. मुलाला बाबांची सवय राहत नाही आणि त्या माणसाला श्वास घ्यायला सवड मिळत नाही. तुमची खरी अडचण इथे आहे.

माझ्या अनुभवात घर आणि नाटक यांच्यातला ताण तालमीच्या सुरुवातीच्या वेळेमुळे फार क्वचित वाढतो. तो वाढतो तालीम संपण्याची वेळ ठरलेली नसल्यामुळे. हौशी संस्थांची पद्धत आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ८ ची तालीम म्हणजे ८.३० पर्यंत माणसे जमणार, मग चहा, मग ज्याचा प्रवेश आहे तोच आलेला नाही म्हणून दुसरा प्रवेश घ्यायचा, आणि १० वाजता खरे काम रंगात येणार. ज्याला दुसऱ्या दिवशी लवकर उठायचे नाही त्याला यात काही गैर वाटत नाही. पण घरी तापलेले मूल घेऊन बसलेल्या माणसाला ‘१० ला येतो’ आणि ‘बघू, किती वाजतात ते’ यांतला फरक फार मोठा असतो. १० ला येणार हे ठाऊक असेल तर तो माणूस १० पर्यंत तग धरतो. वेळच माहीत नसेल तर प्रत्येक तालीम ही त्याच्या दृष्टीने पूर्ण रात्र असते.

म्हणून मी दिग्दर्शक म्हणून एक नियम कटाक्षाने पाळत आले आहे : तालीम १० ला संपते, आणि जो प्रवेश अर्धा राहिला असेल तो उद्या. दुसरे, मी प्रवेशवार बोलावणे करते. दोन अंकी नाटकात ८ पात्रे असतील तर सर्वच्या सर्व मंचावर असणारे प्रवेश बहुधा मोजकेच निघतात. आठवड्याचा तक्ता रविवारी सगळ्यांना पाठवला, की ज्याचा प्रवेश मंगळवारी नाही त्याने मंगळवारी यायचे नाही. ‘सगळ्यांनी रोज यावे, त्याने संच बांधला जातो’ हे मत मी पुष्कळ ज्येष्ठांकडून ऐकले आहे आणि त्यांच्याबद्दल आदर ठेवूनही मला ते मान्य नाही. नुसते बसून राहिलेल्या माणसामुळे संच बांधला जात नाही. ठरल्या दिवशी पाठ करून आलेल्या माणसामुळे तो बांधला जातो. पाठांतरासाठी मी संपूर्ण नाटकाचे वाचन एकदा फोनवर ध्वनिमुद्रित करून सर्वांना देते. ज्यांच्या कडेवर मूल असते ते संहिता हातात धरू शकत नाहीत, पण ऐकू शकतात.

या रीतीने पहिले ५ ते ६ आठवडे आठवड्यातून तीन संध्याकाळी आणि रविवारी सकाळी लांब तालीम, एवढ्यात नाटक व्यवस्थित उभे राहते. रविवार सकाळ मला विशेष उपयोगाची वाटते. मुले त्या वेळी ताजीतवानी असतात, आजी-आजोबांना सांभाळायला सोपे जाते, आणि आपल्यालाही दमलेल्या डोक्याने हालचाली बसवाव्या लागत नाहीत. शेवटचे ८ ते १० दिवस मात्र असे वाटून घेता येत नाहीत. सलग तालमी, रंगीत तालीम, नेपथ्य आणि प्रकाशयोजनेचा मेळ यांसाठी सगळेच लागतात, आणि प्रयोगाच्या दिवशी सकाळी नाट्यगृहात शिरलेला माणूस नेपथ्य उतरवून गाडीत भरेपर्यंत घरी येत नाही. ते १० दिवस कोणते, हे घरी पहिल्या दिवशीच सांगितलेले असावे. तोंडावर आल्यावर सांगितले, की भांडण होते, आणि ते रास्त असते.

आता भूमिकेविषयी. हौशी नाटकात प्रत्येक कामाला लागणारा वेळ वेगळा असतो आणि तो कामाच्या नावावरून लक्षात येत नाही. प्रमुख भूमिकेला जवळजवळ प्रत्येक तालीम लागते. रंगमंच व्यवस्था पाहणाऱ्याला त्याहूनही जास्त वेळ द्यावा लागतो, कारण तो सर्वांच्या आधी येतो आणि सर्वांच्या नंतर जातो. हे काम लहान मुलांच्या पालकाला ‘पडद्यामागचे म्हणून हलके’ असे समजून दिले जाते, ती मोठी चूक आहे. प्रकाशयोजनाकाराला सुरुवातीला सवड असते, पण शेवटच्या दोन रात्री त्याला झोप मिळत नाही. याउलट पार्श्वसंगीताचे तुकडे जमवणे, वेशभूषेची खरेदी, स्पर्धेचा प्रवेशअर्ज आणि संहितेच्या प्रमाणपत्राची कागदपत्रे, जाहिरातीचे फलक, संहितेची निवड आणि संपादन ही कामे मूल झोपल्यावर घरी बसून करता येतात. ज्यांचे मूल वर्षाच्या आतले आहे त्यांना मी हीच कामे देते. आई अंगावर पाजत असेल तर पहिले ६ महिने बाळ पूर्णपणे तिच्या दुधावर असते, त्या काळात रात्रीच्या तालमीची अपेक्षा करणेच चूक आहे. वर्षानंतर दोन-तीन प्रवेशांची भूमिका किंवा एकांकिका झेपते. एकांकिकेचा कालावधी मुळातच आटोपशीर असतो, म्हणून रंगभूमीवर परतण्यासाठी मला ती योग्य वाटते.

तुमच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे : या वर्षी नाटक करा, पण प्रमुख भूमिका घेऊ नका. तुमचा मुलगा आता अशा वयात आहे, जेव्हा आईबाप दृष्टीआड गेले की मुले फार कासावीस होतात. हे साधारण ८-१० महिन्यांपासून सुरू होते आणि दीड वर्षाच्या आसपास पुष्कळांमध्ये ओसरू लागते. प्रत्येक संध्याकाळ त्याच्यापासून काढून घ्यायला हे वर्ष सर्वांत अवघड आहे. पुढच्या वर्षी तो दोन वर्षांचा असेल, ‘बाबा नाटकाला गेले, सकाळी येणार’ हे त्याला समजेल आणि ते तो स्वतःच इतरांना सांगेल. याच संदर्भात एक गोष्ट आग्रहाने सांगते. निघताना मुलाची नजर चुकवून मागच्या दाराने जाऊ नका आणि ‘दुकानात जाऊन आलो’ असे खोटे सांगू नका. आपल्याकडे हे घरोघरी चालते, कारण त्या वेळचे रडणे टळते. पण बाबा कधीही अचानक नाहीसे होतात असे मुलाला कळले, की ते दिवसभर तुमच्या पायाला चिकटून राहते. समोरासमोर सांगून, रडले तरी जवळ घेऊन, मग निघावे. काही दिवसांत त्याची रीत बसते.

आता त्या वाक्याकडे येते. तुमच्या पत्नींनी नाटक थांबवले, असे तुम्ही लिहिले. ते त्यांना नकोसे झाले म्हणून थांबले, की संध्याकाळी घरी राहणारे दुसरे कोणी नव्हते म्हणून थांबले, हे तुमच्या पत्रात नाही. ते विचारा, आणि विचारताना उत्तर त्यांच्या तोंडी घालू नका. हौशी रंगभूमीवर मी एक गोष्ट सतत पाहत आले आहे : महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांत मुली भरपूर असतात, लग्नानंतर त्या कमी होतात आणि पहिल्या मुलानंतर दिसेनाशा होतात, तर त्यांच्याबरोबरचे मुलगे बाप झाल्यावरही त्याच संस्थेत काम करीत राहतात. प्रत्येक संस्थेत स्त्री-पात्रांसाठी कलाकार मिळत नाहीत अशी तक्रार असते. त्या कलाकार गावातच, आपापल्या घरी मुले झोपवीत असतात.

माझ्या ओळखीच्या ज्या जोडप्यांनी दोघांचेही नाटक टिकवले, त्यांनी वर्षे वाटून घेतली. एका हंगामात एकाने मंचावर जायचे, दुसऱ्याने घर धरायचे आणि पुढच्या हंगामात उलट. दोघांनी एकाच नाटकात काम करण्याचा मोह धाकटे मूल ५ वर्षांचे होईपर्यंत टाळायचा, कारण रंगीत तालमीच्या रात्री दोघेही लागतात आणि मुलाला ताप नेमका त्याच रात्री येतो. या वर्षी तुमची छोटी भूमिका असेल तर याच हंगामात त्यांना एखाद्या एकांकिकेत किंवा अभिवाचनात काम करता येईल का, हेही पाहा. त्यांच्या तालमीच्या दिवशी तुम्ही घरी असायचे, आणि असायचे म्हणजे स्वयंपाक, औषध, शी-शू, झोपवणे सगळे करायचे. ‘काही लागले तर फोन करतो’ असे म्हणायचे नाही. सासूबाई किंवा आई घरात असतील तर त्यांनाही गृहीत धरू नये. कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत, हे त्यांना आधी विचारावे आणि हंगामात दोन आठवड्यांची सुट्टी त्यांनाही द्यावी. आमच्या संस्थेत शेवटच्या १० दिवसांसाठी मुले सांभाळणाऱ्या बाईंचे मानधन आम्ही निर्मितीखर्चातच धरतो, जसा चहा आणि टेम्पो धरतो तसा. हा खर्च मोठा नसतो, आणि त्यामुळे दोन-तीन चांगल्या अभिनेत्री आमच्याकडे टिकून राहिल्या.

दिनदर्शिकेचा विचार हंगाम सुरू होण्याआधीच करावा लागतो. स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारणतः नोव्हेंबरच्या मध्यापासून पुढे सुरू होते, म्हणून ५ नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाच्या आसपास सगळ्या संस्था तालमीत बुडालेल्या असतात आणि दिवाळी बहुधा त्याच दिवसांत येते. प्रयोगाची तारीख आपल्याला हवी तशी मिळत नाही. म्हणून घरातल्या कोणत्या तारखा हलवता येतात आणि कोणत्या येत नाहीत हे वेगळे काढा. बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही घालता येते, तेव्हा त्यासाठी प्रयोग अडत नाही आणि प्रयोगासाठी बोरन्हाणही चुकवावे लागत नाही. २ वर्षांच्या मुलाचा वाढदिवस चार दिवस पुढे-मागे झाला तरी त्याला कळत नाही, पण ४-५ वर्षांच्या मुलीला तारीख पाठ असते आणि वर्गात डब्यातून खाऊ न्यायचा तो दिवसही ठरलेला असतो. तिचा वाढदिवस हलवू नका. शाळेचे स्नेहसंमेलन डिसेंबर-जानेवारीत येते. शाळेला ऑक्टोबरमध्येच तारीख विचारून ठेवा आणि ती दिग्दर्शकांना सांगा. जूनमधला शाळेचा पहिला दिवस सुदैवाने स्पर्धेच्या हंगामाबाहेर असतो. मुलाची १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यानची लस बाकी असेल तर ती शेवटच्या १० दिवसांत आणू नका, कारण त्यानंतर एक-दोन दिवस ताप येणे नेहमीचे आहे. डॉक्टरांना विचारून आधीची किंवा नंतरची तारीख घ्या.

मुलांना तालमीला न्यावे का, हे तुम्ही विचारले नाही, पण पुढे ते निघेलच. ४ वर्षांच्या मुलीला रविवारी तासभर नेण्यास हरकत नाही, मात्र तिच्याकडे पाहणारे एक माणूस तिथे फक्त त्यासाठी असले पाहिजे. १३ महिन्यांच्या मुलाला नेऊ नये. नेपथ्याचे काम चालते तिथे खिळे, प्लायवूडच्या कडा, उघड्या वायरी, शिडी, रंगाचा वास असे सगळे असते, आणि त्या वयाचे मूल हाताला लागेल ते तोंडात घालते. प्रयोगाला मुलीला आणायचे असेल तर तिला आधी रंगभूषेच्या खोलीत न्या. दाढी लावताना, केस पांढरे करताना तिने तुम्हाला पाहिले आणि ‘नाटकात मला मारतात, पण लागत नाही’ हे तुमच्याच तोंडून ऐकले, की प्रेक्षागृहात ती घाबरत नाही. तरीही तिला दाराजवळच्या खुर्चीवर, कधीही बाहेर नेऊ शकेल अशा माणसाशेजारी बसवावे. सोय होते म्हणून तिला नाटकात एखादे छोटे काम देऊ नका. तिला आवड निर्माण झाली तर बालनाट्य आहेच. १९५९ मध्ये सुधा करमरकरांनी ‘लिटल थिएटर’ सुरू केले तेव्हापासून मराठीत मुलांसाठी स्वतंत्रपणे नाटक करण्याची परंपरा आहे, आणि राज्य स्पर्धेतही बालनाट्यांचा वेगळा विभाग असतो. तिथे ती तिच्या वयाच्या मुलांबरोबर काम करील, बाबांच्या तालमीच्या वेळापत्रकात अडकणार नाही.

थोडक्यात, आधी पत्नींशी बोलणे, मग घरातल्या न हलणाऱ्या तारखा, मग शेवटचे १० दिवस कोण घर पाहणार ते, आणि त्यानंतरच दिग्दर्शकांना होकार, असा क्रम ठेवा. दिग्दर्शकांकडे जाताना तीन गोष्टी मागा : प्रमुख भूमिकेऐवजी दोन-तीन प्रवेशांचे काम, प्रवेशवार बोलावणे, आणि तालीम संपण्याची ठरलेली वेळ. पहिली त्यांना नाराज करील, कारण त्यांनी तुम्हाला मनात धरून नाटक निवडले असेल. म्हणून ही भेट आठवडाभरात घ्या, त्यांना दुसरा कलाकार शोधायला वेळ मिळाला पाहिजे. तालमी सुरू होऊन तीन आठवडे झाल्यावर नकार देणे हा संचावर अन्याय आहे. उरलेल्या दोन गोष्टी ते नाकारतील तर या हंगामात घरून करता येणारे एखादे काम मागून घ्या. आणि त्यांनी मान्य केले, तर नाटकाचे पहिले वाचन तुमच्या घरी, रविवारी सकाळी ठेवण्याची विनंती करा. धाकट्याच्या दुपारच्या झोपेआधी ते संपले पाहिजे, आणि संहितेची एक प्रत पत्नींच्या हातीही द्या, कारण पहिल्या वाचनाला एखादी अभिनेत्री हमखास गैरहजर असते आणि तिची वाक्ये कोणीतरी वाचावी लागतात.